ल्युब्ल्याना पायी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या पॅकेज टूरमध्ये स्लोव्हेनियाच्या राजधानीच्या, ल्युब्ल्यानाच्या, वाट्याला सहसा दीड-दोन तास येतात. ड्रॅगनच्या पुलावर फोटो होतात, आइस्क्रीम होतं आणि बस ब्लेडच्या तळ्याकडे निघते. परतल्यावर लोक सांगतात की तिथे बघण्यासारखं फारसं नाही. दोन तासांत खरंच फारसं दिसत नाही. नाव पाहून यावं असं एकही जगप्रसिद्ध ठिकाण या शहरात नाही. आहे तो एक नदीकाठ, आणि तो काठ घडवणारा योझे प्लेच्निक नावाचा वास्तुरचनाकार. पहिल्या महायुद्धानंतर त्याने पूल, बाजार, ग्रंथालय, दफनभूमी, अगदी नदीच्या पायऱ्यासुद्धा एकाच हाताने रचल्या. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याचं इथलं काम जागतिक वारसा यादीत घेतलं. ते नीट पाहायचं तर दोन मुक्काम ठेवा. तिसरा ठेवलात तर ब्लेड किंवा एखादी गुहा जमेल.

व्हिसा आणि तारखा

स्लोव्हेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि २००७ पासून तिथे युरो चालतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार त्या देशाकडे. रात्री समान असतील तर जिथून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. समजा व्हिएन्नात ३ रात्री, ल्युब्ल्यानात २ आणि व्हेनिसमध्ये ३, आणि सुरुवात व्हिएन्नापासून, तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. इथे गोंधळ होतो तो हॉटेलं बदलताना. अपॉइंटमेंट एका देशाची घेतलेली असते आणि मग बुकिंग हलवून दुसऱ्याच देशात रात्री वाढवलेल्या असतात. आधी रात्रींचा हिशोब पक्का करा, अपॉइंटमेंट त्यानंतर. प्रौढांसाठी फी ९० युरो आहे आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन असतं, पण संध्याकाळी अचानक वादळी पाऊस कोसळू शकतो. शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात वसलंय, शिवाय दक्षिणेला मोठी दलदल आहे. त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी दाट धुकं पडतं आणि कित्येकदा दुपारपर्यंत हलत नाही. या दिवसांत किल्ल्यावरून आल्प्स दिसतील असं गृहीत धरू नका. डिसेंबरची रोषणाई मात्र धुक्यातही शोभते.

तारखेइतकाच वार महत्त्वाचा. रविवारी बाजार बंद असतो आणि २०२० च्या कायद्यानुसार मोठी दुकानं, सुपरमार्केटंही बंद असतात. पेट्रोलपंपावरची, स्टेशनवरची दुकानं आणि काही छोटी दुकानं तेवढी उघडी. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. म्हणजे रविवार-सोमवार असा मुक्काम पडला तर निम्मं शहर कुलूपबंदच मिळणार. गुरुवार-शुक्रवार-शनिवार ही जोडणी सर्वांत सोयीची, कारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दर शुक्रवारी बाजारालगतच्या चौकात ‘ओद्प्रता कुह्ना’ नावाची उघड्यावरची खाऊगल्ली भरते. पाऊस असेल तर ती रद्द होते.

पोचायचं कसं

भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूल, फ्रँकफर्ट, झुरिक अशा ठिकाणी विमान बदलावं लागतं. विमानतळ शहराच्या उत्तरेला साधारण २५ किलोमीटरवर ब्रनिक गावाजवळ आहे. तिथून साधी बस स्वस्त, पाऊण-एक तासात मुख्य बसस्थानकावर सोडते. शनिवार-रविवारी मात्र तिच्या फेऱ्या खूपच कमी होतात, त्यामुळे त्या दिवशी उतरणार असाल तर सामायिक शटल आधीच बुक करा. टॅक्सी हवी असेल तर रांगेतली पहिली पकडू नका, फोन करून किंवा ॲपवरून मागवा. तीच टॅक्सी बरीच स्वस्त पडते.

विमानापेक्षा जमिनीवरून येणं बहुतेकांना सोयीचं. इटलीतल्या त्रिएस्तेहून बसने दीड तास, व्हेनिसहून साडेतीन-चार तास. व्हिएन्नाची थेट गाडी सहा तास घेते, पण सेमेरिंगच्या निसर्गरम्य घाटातून येते. दिवसाची गाडी घ्या आणि ते सहा तास फुकट गेले असं मानू नका. झाग्रेबहून रेल्वेने अडीच तासांच्या आसपास. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये असला तरी स्लोव्हेनियाने त्या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे. पासपोर्ट सामानाच्या बॅगेत तळाशी ठेवू नका.

इटली किंवा ऑस्ट्रियातून भाड्याची गाडी आणणार असाल तर दोन गोष्टी. एक, गाडी दुसऱ्या देशात नेण्याची परवानगी करारात लिहून घ्या. दोन, स्लोव्हेनियाच्या महामार्गासाठी ई-विन्येता, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-परवाना लागतो. ती ऑनलाइन मिळते, आठवड्याची साधारण १६ युरोंना, आणि गाडीच्या नंबरावर नोंदली जाते. ती नसताना सापडलात तर दंड किमान ३०० युरो. नंबर टाकताना एक अक्षर चुकलं तरी विन्येता नसल्यासारखंच, म्हणून पैसे भरण्यापूर्वी नंबरप्लेटचा फोटो समोर ठेवून जुळवा. शहरात आल्यावर गाडी बाहेरच्या ‘पार्क अँड राइड’ तळावर लावा आणि बसने मध्यात या. मध्यवर्ती भागात गाड्यांना प्रवेशच नाही.

मुक्काम आणि फिरण्याची सोय

रेल्वे आणि बसस्थानक शेजारी-शेजारी आहेत. तिथून प्रेशेरेन चौक, म्हणजे शहराचा मध्य, चालत दहा-बारा मिनिटं. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात राहणं सर्वांत व्यवहारी. नदीपलीकडच्या जुन्या शहरातली घरं देखणी आहेत, पण टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढताना हात भरून येतात. मेटेल्कोवा या कलाकारांनी ताब्यात घेतलेल्या जुन्या छावणीच्या अगदी शेजारची स्वस्त खोली शुक्रवार-शनिवारी घेऊ नका, पहाटेपर्यंत गाणी चालतात. खोलीभाड्यावर पर्यटन कर वेगळा, माणशी रात्रीला साधारण ३ युरो, आणि तो अनेकदा रोखीत मागतात.

शहरबसमध्ये ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही. ‘उर्बाना’ नावाचं कार्ड घेता येतं: कार्डाचे २ युरो, फेरीचे १.३० युरो, आणि एकदा टेकवलं की ९० मिनिटं बस बदलता येते. बसमध्ये बँकेचं कार्डही चालतं. खरं तर मध्यवर्ती भागात बसची गरजच पडत नाही. सायकल चालवणाऱ्यांसाठी ‘बिसिकेल्य’ ही योजना आहे. आठवड्याची नोंदणी १ युरो, आणि दर फेरीचा पहिला तास फुकट. तासाच्या आत कुठल्याही तळावर सायकल लावायची आणि हवी तर पुन्हा घ्यायची.

आई-वडील किंवा गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर ‘काव्हालिर’ लक्षात ठेवा. पादचारी भागात फिरणाऱ्या या छोट्या हिरव्या-पांढऱ्या इलेक्ट्रिक गाड्या फुकट आहेत. रस्त्यात हात दाखवला तरी थांबतात, हॉटेलवाल्याकडून फोन करवून बोलावताही येतात. एका गाडीत चार-पाच जणच मावतात, मोठा गट असेल तर दोन खेपा होणार.

ल्युब्ल्याना कार्ड घ्यावं का? किल्ल्याचं तिकीट, फ्युनिक्युलर (चढावर केबलने ओढली जाणारी गाडी), बोट आणि दोन संग्रहालयं असं सगळं एका दिवसात करणार असाल तर परवडतं. निव्वळ चालणार असाल तर पैसे वाया.

पहिला दिवस: नदीकाठ, या क्रमाने

सकाळी आठ-साडेआठला प्रेशेरेन चौकात उभे राहा. गुलाबी चर्च फ्रान्सिस्कन पंथीयांचं, सतराव्या शतकातलं. पुतळा कवी फ्रान्झे प्रेशेरेन यांचा, १९०५ चा. पुतळ्याची नजर जिकडे आहे तिकडे वोल्फोवा रस्त्यावरच्या घराच्या भिंतीवर पाहा. खिडकीतून डोकावणारी स्त्री कोरलेली दिसेल. ती युलिया प्रिमित्स, कवीचं एकतर्फी प्रेम. तिने लग्न दुसऱ्याशी केलं, शहराने मात्र दोघांना समोरासमोर उभं करून ठेवलं. चौक सोडण्याआधी मिक्लोशिचेवा रस्त्यावर शंभरेक पावलं जाऊन सहकारी बँकेची लाल-निळ्या नक्षीची इमारत बघून या. इव्हान वुर्निक यांची ही १९२२ ची रचना, नक्षी त्यांच्या पत्नी हेलेना यांची.

आता त्रोमोस्तोव्ये, तिहेरी पूल. मधला दगडी पूल १८४२ चा. गाड्या आणि माणसं यांची गर्दी त्यावर मावेना. प्लेच्निकने जुना पूल पाडला नाही, रुंदही केला नाही. १९२९ ते १९३२ मध्ये दोन्ही बाजूंना तिरके पादचारी पूल जोडले आणि सगळ्यांना एकसारखे कठडे दिले. वरून हा विचार कळत नाही. पुलाच्या बाजूने पायऱ्या उतरून पाण्यालगत जा आणि तिथून वर बघा.

पूल ओलांडून डावीकडे वळलं की बाजाराची लांबलचक खांबओळ सुरू होते, तीही प्लेच्निकचीच, १९४० ते १९४४ मधली. वर फुलं, वाळवलेल्या औषधी वनस्पती आणि मध, तर गोल जिन्याने खाली उतरलं की मासळीबाजार, आणि त्याच्या कमानदार खिडक्या थेट नदीवर उघडतात. उघड्यावरचा भाजीबाजार मागच्या चौकात आहे. दहाच्या आत या. दुपारनंतर निम्मे गाळे आवरलेले असतात. स्ट्रॉबेरी, चेरी, जर्दाळू मोसमात असतील तर पाव किलो मागा, विक्रेते देतात. इथे सुटे पैसे लागतात. शेजारच्या सेंट निकोलस कॅथेड्रलचे ब्राँझचे दरवाजे १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या भेटीसाठी बसवले. मुख्य दारावर स्लोव्हेनियातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास ठासून कोरलाय. उन्हात तिरपं उभं राहिलं की आकृत्या नीट उठून दिसतात.

खांबओळीच्या शेवटी ड्रॅगनचा पूल. १८९५ च्या ईस्टरला भूकंपाने शहर हादरलं आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीत, १९०१ मध्ये, हा पूल झाला. युरोपातल्या सुरुवातीच्या प्रबलित काँक्रीटच्या पुलांपैकी एक. ताम्रपत्र्याचे चार मोठे ड्रॅगन सगळ्यांना दिसतात, छोटे सोळा शोधावे लागतात. लक्षात ठेवा, या पुलावरून वाहनं धावतात. फोटोसाठी मागे सरकत फुटपाथवरून खाली उतरू नका.

किल्ल्याचं फ्युनिक्युलर इथून दोन मिनिटांवर, क्रेकोव त्र्ग या चौकात. चांगले पाय असतील तर बाजारामागच्या श्तुदेन्तोव्स्का वाटेने दहा-पंधरा मिनिटांत चढून जाता येतं. किल्ल्याचं अंगण आणि तटबंदी फुकट आहे, तिकीट बुरुज आणि प्रदर्शनांचं. स्पष्टच सांगायचं तर किल्ला आतून फार नूतनीकरण झालेला आहे. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्याला तिथे किल्ला म्हणून फारसं काही सापडणार नाही. आकाश स्वच्छ असेल तर बुरुजावर जा, उत्तरेला कामनिकचे आल्प्स दिसतात. ढगाळ असेल तर तिकिटाचे पैसे जेवणात घाला.

उतरताना आल्या वाटेने परतू नका, ‘रेबेर’ नावाच्या वाटेने स्तारी त्र्ग या जुन्या रस्त्यावर उतरा. उजवीकडे गेल्यास मेस्तनी त्र्ग, तिथे रोबा कारंजं. चौकातली ती प्रतिकृती, १७५१ चं मूळ शिल्प नॅशनल गॅलरीत आहे. मागे फिरून शुश्तार्स्की पूल, म्हणजे चांभारांचा पूल, ओलांडा. तोही प्लेच्निकचाच.

समोर चढत जाणारा नोवी त्र्ग तुम्हाला राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालयाशी आणतो. या क्रमातलं हे सर्वांत महत्त्वाचं ठिकाण. भिंतीत विटा आणि ओबडधोबड दगड मिसळलेत. भूकंपात मोडलेला राजवाडा याच जागी होता. दाराची मूठ हातात घ्या, ती घोड्याच्या डोक्याची आहे. आत गेल्यावर ३२ काळसर दगडी खांबांमधून जाणारा अंधारा जिना, आणि तो चढत गेलं की दोन्ही टोकांना प्रचंड खिडक्या असलेलं उजेडी वाचनालय. अज्ञानातून ज्ञानाकडे, असा सरळ अर्थ प्लेच्निकने दगडात मांडला. १९३६ ते १९४१ मध्ये इमारत बांधली. १९४४ मध्ये एक विमान वाचनालयावरच कोसळलं, पण ते पुन्हा उभारलं गेलं. वाचनालयात विद्यार्थी अभ्यास करत असतात, त्यामुळे पर्यटकांना तिथे ठरावीक वेळीच सोडतात. सकाळीच वेळ विचारून ठेवा आणि बाकीचा क्रम त्याभोवती हलवा. जिना पाहून परत फिरलात तर अर्धंच पाहिलं.

वेगोवा रस्त्याने पुढे गेलं की नेपोलियनचा चेहरा असलेला स्तंभ लागतो. १८०९ ते १८१३ हे शहर फ्रेंच इलिरियन प्रांतांची राजधानी होतं, त्याची ही खूण. समोर क्रिझांके, जुन्या मठाचं प्लेच्निकने केलेलं खुलं नाट्यगृह. एमोन्स्का रस्त्याने सरळ दक्षिणेला चाला. ग्रादाश्चित्सा ओढ्यावरच्या पुलावर बर्चची झाडं उगवलेली दिसली की त्र्नोवो आलं. चर्चमागे प्लेच्निकचं घर आहे. तिथे मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, गट छोटा असतो. दुपारच्या शेवटच्या फेरीची जागा आदल्या दिवशी ऑनलाइन घ्या. सोमवारी बंद.

परत येताना रस्ता सोडून नदीकाठ धरा. त्र्नोव्स्की प्रिस्तान इथे पाण्यापर्यंत उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या आणि त्यांवर झुकलेल्या विलोच्या ओळी आहेत. सुपरमार्केटमधून दही-पाव-फळं घेऊन संध्याकाळी तिथे बसायला हरकत नाही, गावातले लोकही तेच करतात.

दुसरा दिवस

आज धावपळ नको. सकाळी गोस्पोस्का रस्त्यावरचं शहर संग्रहालय. इथे दलदलीत २००२ मध्ये सापडलेलं लाकडी चाक आहे, सुमारे ५,२०० वर्षं जुनं, आसासकट सापडलेल्या चाकांत जगातलं सर्वांत जुनं. मधलं भोक जवळून पाहा. ते चौकोनी आहे, म्हणजे चाक आसावर फिरत नव्हतं, चाक आणि आस दोन्ही मिळून फिरत होते.

मग काँग्रेस्नी त्र्ग ओलांडून टिवोली उद्यान. मधल्या रुंद वाटेवर मोठमोठ्या छायाचित्रांचं उघडं प्रदर्शन असतं, ते फुकट. परतताना नेबोतिच्निक, १९३३ ची ७० मीटर उंच इमारत. लिफ्टने वर जायला पैसे नाहीत, कॉफी घेतली की झालं. किल्ला समोरून दिसतो, त्यामुळे किल्ल्यावरच्या दृश्यापेक्षा हे जास्त आवडण्याची शक्यता आहे. सूर्यास्ताला टेबल मिळत नाही, तासभर आधी जा.

मेटेल्कोवा ही जुनी लष्करी छावणी. युगोस्लाव्ह सैन्य गेल्यावर १९९३ मध्ये ती पाडायला सुरुवात झाली तेव्हा कलाकारांनी ताबा घेतला. दिवसा भिंतींवरची चित्रं पाहायला जा. रात्री मुलाबाळांसह जाण्यासारखी जागा नाही.

शाकाहारींचं काय

उपाशी राहावं लागत नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. ‘ब्रेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय. श्त्रुक्ली म्हणजे पनीरसारख्या ‘स्कुता’ने भरलेल्या गुंडाळ्या, गोड आणि तिखटमीठ दोन्ही मिळतात. बुरेक, म्हणजे सारण भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री घेताना ‘सिरोव’ म्हणजे चीजचा, ‘मेस्नी’ म्हणजे मांसाचा. फसवणारे पदार्थ दोन. इद्रियाचे झ्लिक्रोफी बटाट्याचे म्हणून देतात, पण पारंपरिक सारणात डुकराची चरबी असते. योता या आंबट कोबीच्या सूपमध्येही अनेकदा डुकराचं मांस असतं. गोडात प्रेक्मुर्स्का गिबानित्सा घ्या, खसखस, स्कुता, अक्रोड आणि सफरचंद यांचे थर. नळाचं पाणी चांगलं आहे, बाटली भरून घ्या. कार्ड मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर नेहमी युरो.

तिसरा दिवस असेल तर

ब्लेडला बसनेच जा, सव्वा तास लागतो आणि बस तळ्याजवळ सोडते. रेल्वेचं लेस्त्से-ब्लेड स्टेशन तळ्यापासून चार किलोमीटर दूर आहे, तिकीट काढून झाल्यावर अनेकांना हे कळतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघा आणि परतीची जागाही आधी घ्या, संध्याकाळच्या बस भरून जातात.

गुहांपैकी पोस्टोय्नात छोटी रेल्वे आत नेते, चालणं दीडेक किलोमीटर, वयस्करांना झेपतं. श्कोत्सयान अधिक भव्य: जमिनीखालची नदी, तिच्यावर ४५ मीटर उंचीवरचा पूल. पण तिथे पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि आत फोटो काढू देत नाहीत. उंचीची भीती असणाऱ्याने ती निवडू नये. दिवाचा स्टेशनपासून गुहा तीन किलोमीटर, उतरल्यावर गाडी मिळाली नाही तर जंगलातून खुणा केलेली वाट आहे. दोन्ही गुहांत बाराही महिने १०-१२ अंश तापमान असतं. बाहेर ३२ असलं तरी पूर्ण बाह्यांचं जाकीट आणि पकड असलेले बूट बरोबर ठेवा, छपरातून पाणी ठिबकून वाट ओली असते.